अँपची वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीपाशीच

लग्नसराईत एक जीप माझ्याकडे आली. गाणं लागलं की बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद व्हायचे. डॅशबोर्ड उघडला तर अँपची, म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरची, प्लस वायर स्टिरिओच्या पिवळ्या वायरला नुसती पिळून जोडलेली, वरची टेप वितळून काळी पडलेली. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. त्या गाडीत मागे लेकरं बसतात. माझ्या पोटात गोळाच आला.

फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे बॉडीला घासली, तर तिला वाचवणारं काहीच नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच बसवा.

वायर किती जाड घ्यायची? बॉक्सवर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट सोडा, आरएमएस, म्हणजे अँप सतत देऊ शकतो ती खरी ताकद, बघा. 400 वॅट आरएमएसचा क्लास एबी प्रकारचा अँप धरा. त्यात साधारण 60 टक्केच वीज कामी येते, बाकीची उष्णता होते. म्हणजे 667 वॅट लागले, भागिले 13.8 व्होल्ट, झाले 48 अँपियर. डिकीपर्यंत पाचेक मीटर वायर जाते, म्हणून मी इथे 4 गेज जाडीची वायर आणि 60 अँपियरचा फ्यूज लावतो. वायर घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, घेऊ नका.

कामाला हात लावण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. बोनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून बसवायची रबरी कडी, हवाच. प्लस वायर गाडीच्या एका बाजूने न्या, स्टिरिओतून अँपला आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल दुसऱ्या बाजूने. नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज येतो.

आता अर्थ, म्हणजे अँपची बॉडीला जोडायची मायनस वायर. निम्म्या तक्रारी मला इथेच सापडतात. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. बॉडीवरची दुसरी भक्कम जागा निवडा आणि रंग पॉलिश पेपरने घासून काढा, पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत. वायरच्या टोकाला थिंबल (बोल्टमध्ये अडकवायची धातूची कडी) नीट दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. कोकणातल्या गाड्यांना तर नक्कीच, तिथे गंज लवकर धरतो. ही वायरही 4 गेजचीच, आणि हातभरापेक्षा लांब नको.

स्टिरिओचं सोपं आहे. बहुतेकांत पिवळी बॅटरीवरून डायरेक्ट, लाल चावीवरची, काळी अर्थ, निळी-पांढरी अँपच्या रिमोटला, म्हणजे अँप चालू-बंद करणाऱ्या टर्मिनलला. तरी रंगावर विसंबू नका, मीटर लावूनच जोडा. लाल वायर डायरेक्ट दिली तर स्टिरिओ बंदच होत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली. गाडीची मूळ वायर कापू नका, त्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा तयार प्लग, बाजारात मिळतो. रिव्हर्स कॅमेऱ्याचा प्लस रिव्हर्स लाइटवरून घ्या.

शेवटी इंजिन चालू ठेवून, आवाज मोठा करून अँपच्या टर्मिनलवर मीटर लावा. त्या जीपला आधी 10.9 व्होल्ट येत होते. नवी वायर ओढल्यावर 13.4 आले, आणि हेडलाइट जरासुद्धा हलले नाहीत.