कधी पास, कधी फेल: मेसेजिंगच्या टेस्ट लिहिताना या चुका टाळा

लोकलला (आपल्या मशीनवर) टेस्ट हिरवी, सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) लाल, आणि काहीही न बदलता पुन्हा चालवली की परत हिरवी. मेसेजिंगच्या कोडमध्ये, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना मेसेज पाठवतात तिथे, अशा फ्लेकी टेस्ट जरा जास्तच भेटतात, कारण मेसेज पाठवणं वेगळं आणि तो पोचणं वेगळं, हे टेस्ट लिहिताना आपण विसरतो.

पहिली चूक अर्थातच स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबणं. मेसेज पाठवला, दोन सेकंद थांबलो, असर्ट केलं (निकाल पडताळला). सीआयवर लोड आला की दोन सेकंद पुरत नाहीत. मग कोणीतरी पाच करतं, पुढे दहा. टेस्ट तरीही फेल होते, फक्त आता सावकाश. त्यापेक्षा दर 100 मिलिसेकंदांनी अट तपासा आणि टाइमआउट खुशाल 30 सेकंद ठेवा. अट पूर्ण झाली की टेस्ट लगेच पुढे सरकते. जावामध्ये ऑवेटिलिटी हेच काम करते.

काफ्का या मेसेजिंग प्रणालीवर मात्र असंही होतं की टाइमआउट कितीही वाढवा, मेसेज येतच नाही. माझे यात दोन दिवस गेले. शेवटी लॉग नीट वाचला: मेसेज पाठवल्याची ओळ वर, कन्झ्युमरला (मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रामला) पार्टिशन (टॉपिकचा, म्हणजे मेसेजच्या एका प्रवाहाचा, भाग) असाइन झाल्याची ओळ खाली. नव्या ग्रुपने कुठून वाचायला लागायचं ते ठरवणारं ऑटो.ऑफसेट.रिसेट हे सेटिंग डिफॉल्टने ‘लेटेस्ट’ असतं, त्यामुळे नव्या कन्झ्युमर ग्रुपला (मिळून वाचणाऱ्या कन्झ्युमरच्या गटाला) आधीचे मेसेज दिसत नाहीत. त्यात ब्रोकर (काफ्काचा सर्व्हर) रिकाम्या ग्रुपचं पहिलं रिबॅलन्स (पार्टिशनची वाटणी) डिफॉल्टने 3 सेकंद लांबवतो. टेस्टमध्ये ‘अर्लिएस्ट’ (अगदी सुरुवातीपासून) ठेवा, नाहीतर असाइनमेंट झाल्यावरच पाठवा. रॅबिटएमक्यू या दुसऱ्या मेसेजिंग प्रणालीत क्यू (मेसेजची रांग) बाइंड होण्याआधी एक्स्चेंजवर (मेसेज रांगांकडे वळवणाऱ्या भागावर) पब्लिश केलं, तर मेसेज गुपचूप टाकून दिला जातो. ‘मँडेटरी’ फ्लॅग लावला असेल तर निदान परत तरी येतो.

‘अर्लिएस्ट’ केलं की आणखी एक भानगड: शेजारच्या टेस्टचे उरलेसुरले मेसेज हाती लागतात. म्हणून प्रत्येक टेस्टला वेगळा टॉपिक आणि वेगळा ग्रुप आयडी द्या, नावात यूयूआयडी (प्रत्येक वेळी वेगळा ओळख क्रमांक) जोडून. पोर्टही ठरावीक ठेवू नका.

क्रमाचं थोडक्यात: काफ्का क्रम पाळतो तो एका पार्टिशनपुरता. तीन पार्टिशनमधून आलेली यादी जशीच्या तशी जुळवायला गेलात तर कधीतरी फसणारच.

आता, ‘एकच रेकॉर्ड हवं होतं, दोन झाले’ असं फेल्युअर आलं तर असर्ट सैल करू नका आणि रीट्रायखाली झाकूही नका. किमान एकदा डिलिव्हरीची हमी असते तिथे तोच मेसेज दोनदा येऊ शकतो. ते सांभाळणं कन्झ्युमरचं काम, म्हणून बग तुमच्या कन्झ्युमरमध्ये आहे आणि टेस्ट खरं बोलतेय.

सगळ्यात अवघड टेस्ट म्हणजे ‘हा मेसेज यायला नको’. पाच सेकंद वाट पाहिली आणि काही आलं नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही. मी त्याच्यामागून त्याच पार्टिशनवर एक खुणेचा मेसेज पाठवतो. खूण पोचली आणि नको असलेला तोवर आला नाही, की टेस्ट पास.