गेम पीसीवर येईपर्यंत त्याची गोष्ट फुटू नये म्हणून

‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ प्लेस्टेशनवर १९ जून २०२० ला आला आणि पीसीवर ३ एप्रिल २०२५ ला. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ नोव्हेंबर २०२२ मध्ये कन्सोलवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखं खास गेमचं यंत्र) आला, पीसीवाल्यांच्या हाती लागायला सप्टेंबर २०२४ उजाडला. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला वर्षभर लागलं. ‘जीटीए ६’साठी तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली, तीही फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. ज्यांच्याकडे कन्सोल नाही किंवा नव्या गेमला चार-पाच हजार मोजण्यापेक्षा सेलची वाट पाहणं ज्यांना परवडतं, त्यांना गोष्ट आठवडाभर नाही, तर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ जपावी लागते.

या काळाचे दोन टप्पे असतात आणि दोन्हींना वेगळा बंदोबस्त लागतो. पहिला टप्पा रिलीजच्या आसपासचा. तो थोडे दिवस चालतो, पण त्यात मारा चहूबाजूंनी होतो आणि काही लोक मुद्दाम गोष्ट फोडत फिरतात. दुसरा टप्पा त्यानंतरच्या महिन्यांचा. तेव्हा वाईट हेतू कुणाचाच नसतो. ‘आता तर सगळ्यांना माहीतच आहे’ असं धरून लोक शेवटाचे मीम टाकतात. जास्त गोष्टी या दुसऱ्या टप्प्यातच फुटतात, कारण तोवर आपण सैल पडलेलो असतो.

बंदोबस्त कधी सुरू करायचा

रिलीजच्या दिवशी सुरू केलात तर उशीर झालेला असतो. डिस्क दुकानांत आधीच पोचलेल्या असतात आणि एखादा दुकानदार त्या तारखेआधी विकतो. ‘झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’ १२ मे २०२३ ला यायचा होता, त्याच्या आठवडाभरापेक्षा आधीच तो इंटरनेटवर फुटला होता. महागड्या आवृत्तीवाल्यांना लवकर खेळू देण्याचीही पद्धत आहे: ‘स्टारफील्ड’ सर्वांसाठी ६ सप्टेंबर २०२३ ला उघडला, पण जास्त पैसे भरलेले लोक त्याआधी पाच दिवस खेळत होते. म्हणून जाहीर तारखेच्या तीन आठवडे आधी सगळे फिल्टर लावून ठेवा.

‘लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाचे प्रसंग एप्रिल २०२० च्या अखेरीस, म्हणजे रिलीजच्या सात-आठ आठवडे आधी बाहेर आले. तेव्हा लोक ते ज्यांचा त्या गेमशी काही संबंध नाही अशा व्हिडिओंखालीही कॉमेंटमध्ये टाकत होते. असं काही फुटल्याची नुसती बातमी आली, तरी त्याच दिवशी बंदोबस्त चालू करा. ती बातमी मात्र उघडू नका.

यूट्यूब: सगळ्यात मोठं भोक

इथे गोष्ट फोडतो तो बहुतेकदा थंबनेल. व्हिडिओ न उघडताही पात्राचा चेहरा आणि खाली ‘शेवट समजावून सांगतो’ असं दिसलं की पुरे. हे व्हिडिओ तुमच्यापर्यंत येतात त्याचं कारण तुम्ही स्वतःच दिलेलं असतं. एक ट्रेलर पाहिला की यूट्यूबला तुमची आवड कळते, आणि त्या आवडीचे नवे व्हिडिओ म्हणजे रिलीजनंतर शेवटाचेच व्हिडिओ.

आधी वॉच हिस्टरीत जाऊन त्या गेमचे सगळे ट्रेलर आणि चर्चेचे व्हिडिओ एकेक करून काढून टाका. सर्च हिस्टरीतूनही गेमचं नाव काढा. पुढे ट्रेलर पाहायचाच असेल तर इनकॉग्निटो खिडकीत पाहा. याहून कडक उपाय म्हणजे सेटिंग्जमध्ये जाऊन वॉच हिस्टरी बंद करणं आणि जुनी पुसून टाकणं. २०२३ पासून असं केलं की होम पान जवळजवळ कोरं राहतं, शिफारशी येतच नाहीत. पहिल्या टप्प्यापुरतं हे कराच. या काळात शॉर्ट्स उघडू नका. तिथे पुढे काय येणार हे तुमच्या हातात नसतं.

कॉम्प्युटरवर ब्लॉकट्यूब नावाचं एक्सटेन्शन क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींवर मिळतं. त्यात शीर्षक, चॅनेलचं नाव आणि कॉमेंट यांसाठी वेगवेगळ्या शब्दयाद्या देता येतात. यादीतला शब्द आला की तो व्हिडिओ थंबनेलसकट गायब होतो. अनहूक हे दुसरं एक्सटेन्शन बाजूची शिफारशींची पट्टी आणि कॉमेंट सरसकट लपवतं. फोनवरच्या यूट्यूब ॲपला यातलं काहीच लागू होत नाही. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एक्सटेन्शन टाकून ब्राउझरमधूनच यूट्यूब पाहा. त्याच्या एलिमेंट पिकरने, म्हणजे पानाचा हवा तो तुकडा निवडायच्या सोयीने, कॉमेंटचा आख्खा भाग निवडून कायमचा लपवता येतो. ॲप तोपर्यंत डिसेबल करून ठेवलेलं बरं, नाहीतर सवयीने बोट तिथेच जातं.

शब्दांची यादी

हीच यादी ब्लॉकट्यूबला, एक्सला (जुनं ट्विटर) आणि इन्स्टाग्रामला लागणार आहे, तेव्हा एकदाच नीट बनवा आणि नोट्समध्ये ठेवा. नुसतं गेमचं नाव टाकून भागत नाही, कारण ज्याने गेम खेळलाय तो पूर्ण नाव लिहीत नाही. यादीत हे सगळं हवं: पूर्ण नाव, लघुरूप, लघुरूपाला आकडा जोडून आणि सोडून, रोमन आकड्याचं रूप, नेहमीचे हॅशटॅग, ट्रेलरमध्ये जाहीर झालेली मुख्य पात्रं, शहराचं किंवा प्रदेशाचं नाव, प्रमुख आवाज-कलाकार आणि दिग्दर्शक. ‘जीटीए ६’साठी लघुरूप, व्हाइस सिटी, लिओनिडा, जेसन आणि लुसिया इथपर्यंत जायला हवं. प्रत्येक शब्द रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत टाका. मराठी-हिंदी पानांवर नावं दोन्हींत येतात.

‘जेसन’सारखं सर्वसामान्य नाव एकटं टाकलंत तर भलत्याच पोस्ट अडकतील आणि वैतागून तुम्ही आख्खा फिल्टरच काढाल. असं नाव आडनावासकट किंवा गेमच्या नावाला जोडून टाका. आणि यादी पूर्ण करण्यासाठी पात्रांची नावं शोधायला बसू नका. ट्रेलरमधून माहीत असतील तेवढीच पुरेत.

एक्सवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सेफ्टी, म्यूट अँड ब्लॉक, म्यूटेड वर्ड्स असं जा. तिथे होम टाइमलाइन आणि नोटिफिकेशन दोन्हींवर खूण करा, ‘फ्रॉम एनीवन’ निवडा. मुदत २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा कायम अशी देता येते. पीसीसाठी थांबणाऱ्याने ‘कायम’च निवडावं, तीस दिवसांची मुदत गुपचूप संपते आणि एकतिसाव्या दिवशी सगळं समोर येतं. हा फिल्टर फक्त मजकूर वाचतो. शब्द न लिहिता टाकलेला स्क्रीनशॉट त्यातून सरळ निसटतो, आणि सर्च व ट्रेंडिंगला तो लागू होत नाही.

इन्स्टाग्रामवर कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये ठरावीक शब्द असलेल्या सुचवलेल्या पोस्ट लपवता येतात, आणि सुचवलेल्या पोस्ट तीस दिवस स्नूझही करता येतात. रेडिटवर त्या गेमचं सबरेडिट, म्हणजे त्याच्या चर्चेचा गट, म्यूट करा. मग ते होम आणि पॉप्युलरमध्ये दिसत नाही.

ज्या जागा कुणाच्या लक्षात येत नाहीत

गुगल डिस्कव्हर, म्हणजे अँड्रॉइडवर होम स्क्रीनच्या डाव्या टोकाला येणारी बातम्यांची रांग. ती तुमच्या शोधांवर चालते आणि तिथले मथळे मुद्दाम अर्धी गोष्ट सांगतात. गुगल ॲपच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली डिस्कव्हर बंद करा. क्रोमच्या नव्या टॅबवरची रांग वेगळी असते, ती तिथल्या गिअरच्या चिन्हातून बंद करा. विंडोज ११ मध्ये टास्कबारचे विजेट्स आणि एजचं नवं टॅब पान या दोन्हींतही हेच होतं. पर्सनलायझेशन, टास्कबार इथून विजेट्स बंद होतात.

स्टीम या पीसी गेमच्या दुकानातल्या तुमच्या लायब्ररीत गेमचं पान उघडलं की खाली इतरांचे स्क्रीनशॉट येतात. सेटिंग्ज, लायब्ररी इथे ‘डिसेबल कम्युनिटी कंटेंट’ चालू करा. कम्युनिटी हब उघडूच नका. अचिव्हमेंटच्या (गेममध्ये ठरावीक कामगिरी केल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांच्या) यादीत गुप्त असलेल्या झाकलेल्या असतात, पण सगळ्याच स्टुडिओंनी कथेच्या अचिव्हमेंट गुप्त ठेवलेल्या नसतात. यादी गेम संपल्यावर पाहा.

प्लेस्टेशन ५ असेल तर सेव्ह्ड डेटा अँड गेम/ॲप सेटिंग्जमध्ये ‘स्पॉयलर वॉर्निंग्ज’ आहे. तिथे दोन पर्याय मिळतात: फक्त स्टुडिओने खूण केलेल्या भागांबद्दल इशारा, किंवा तुम्ही अजून न पाहिलेल्या प्रत्येक भागाबद्दल. दुसरा घ्या.

संगीताच्या ॲपवरचा गेमचा साउंडट्रॅक हाही मोठा धोका आहे. गाण्यांची नावं क्रमाने वाचली तरी कोण कुठे भेटतं आणि कुठे काय घडतं ते कळतं. कलाकारांची यादी देणाऱ्या साइटवर तर एकाच पात्राची दोन वयं शेजारी शेजारी असतात.

अडकलात तर मदत कशी शोधायची

गेम हाती आल्यावर सावधपणा सुटतो. कोडं सुटत नाही म्हणून पात्राचं नाव गुगलवर टाकलं, की पुढचे शब्द गुगल स्वतःच पुरवतं, आणि ते शब्द इतरांनी शेवट पाहून शोधलेले असतात. त्यामुळे सर्चमध्ये पात्राचं नाव कधीच घालू नका. जागा आणि वस्तू यांनीच शोधा: कोणत्या प्रकरणात आहात, कुठली खोली, कुठली तिजोरी. डकडकगो या दुसऱ्या सर्च इंजिनच्या सेटिंग्जमध्ये ऑटोकम्प्लीट, म्हणजे पुढचे शब्द सुचवणं, बंद करून तिथे शोधणं जास्त सुरक्षित.

फॅनडम या साइटवरची चाहत्यांनी लिहिलेली विकी टाळा. पात्राच्या पानावर उजवीकडच्या चौकटीत ‘स्टेटस’ नावाची ओळ असते आणि तिथे पात्र जिवंत आहे की मेलं हे एका शब्दात लिहिलेलं असतं. फोनवर ही चौकट पानाच्या अगदी वर येते. मोहिमांची यादी असलेलं पानही नको, पुढच्या मोहिमांची नावं बोलकी असतात. लेखी वॉकथ्रू (गेम पायरीपायरीने सोडवून दाखवणारा मजकूर) घ्या, प्रकरणनिहाय पानं असलेली, आणि स्क्रोल न करता पानातच शोधण्याची सोय वापरून थेट त्या वस्तूच्या नावावर जा. व्हिडिओच लागला तर ऑटोप्ले बंद, कॉमेंट लपवलेल्या, आणि उत्तर मिळालं की टॅब बंद.

जुन्या ॲडव्हेंचर गेमसाठी युनिव्हर्सल हिंट सिस्टिम ही १९८८ पासूनची पद्धत अजून उत्तम आहे. ती एका प्रश्नाला एकेक इशारा उघडते: आधी अगदी पुसट, मग थोडा स्पष्ट, शेवटी उत्तर. गेम संपवलेल्या मित्राला विचारायचं असेल तर हीच रीत त्याला सांगा. ‘मी या दारापाशी आहे, फक्त किल्ली कुठल्या दिशेला ते सांग’ इतका नेमका प्रश्न केला की तो बिचारा उत्साहाच्या भरात पुढचं बोलून जात नाही.

मित्रमंडळी

व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करून आर्काइव्ह करा, आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू नये अशी सेटिंग ठेवा. ग्रुपवर एकदाच स्पष्ट लिहा: ‘मी अजून खेळलेलो नाही, पीसीवर आल्यावर खेळणार आहे.’ बहुतेक जण फक्त न सांगितल्यामुळे बोलून जातात.

स्वतः लिहिताना डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा द्या; फोटो टाकताना ‘मार्क ॲज स्पॉयलर’वर खूण करा. टेलिग्रामवर मजकूर निवडून फॉरमॅटिंगमध्ये स्पॉयलर मिळतो. मात्र झाकलेल्या भागाआधी गेमचं नाव आणि प्रकरण उघड लिहा. नुसता काळा पट्टा टाकलात तर आत काय आहे हे कळायला प्रत्येकाला तो उघडावाच लागतो.

फुटलंच तर

खरं आहे का हे पडताळायला जाऊ नका. एक वाक्य वाचलेलं असतं, पडताळताना उरलेली गोष्ट कळते. फुटलेल्या गोष्टी पुष्कळदा अर्धवट आणि संदर्भ सोडून आलेल्या असतात. दोन-तीन आठवडे त्या गेमचं काही पाहू नका आणि यादीत ज्या शब्दामुळे ती पोस्ट निसटली तो शब्द घाला.

किती दिवस

गेम संपवायला किती तास लागतात हे सांगणाऱ्या हाऊ लाँग टू बीट या साइटवर फक्त तासांचा आकडा पाहा. ‘रेड डेड २’ची मुख्य कथा साधारण पन्नास तासांची आहे, रोज दीड तास खेळणाऱ्याला तेहतीस-चौतीस दिवस लागतात. ‘लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग त्याच्या निम्म्या वेळात होतो. तेवढे सगळे दिवस फिल्टर चालू हवेत, कारण पीसीवर गेम आला की यूट्यूबवर पुन्हा नवी लाट येते. शेवटची नामावली वर सरकायला लागली म्हणून लगेच फिल्टर काढू नका. काही गेममध्ये नामावलीनंतरही बराच खेळ उरतो. कोणत्या, ते इथे लिहिणं बरोबर नाही. मुख्य मेनू परत येईपर्यंत थांबा, मग म्यूटेड वर्ड्समधले ‘कायम’ टाकलेले शब्द एकेक करून काढा.