मरळीसाठी रबरी ल्यूर वापरताय? मग या चुका टाळा

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर, गावाजवळच्या बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, आता बरीच पोरं रॉड-रील घेऊन दिसतात, आणि तक्रार सगळ्यांची एकच, भाऊ मरळ वर येऊन हवा घेते, डोळ्यांनी दिसते, पण रबराला, म्हणजे रबरी खोट्या आमिषाला, तोंड काऊन लावत नाही? लावते ना. पण रबर गळात वाकडं बसलेलं असते, नाहीतर आपण ते इतकं पळवतो की तिला बघायलाही वेळ मिळत नाही. मासा नाही म्हणून घरी जायच्या आधी रबर बघा.

हे सामान मुळात अमेरिकेतल्या बास माशासाठी निघालं. ओहायोच्या निक क्रीमनं १९४९ च्या सुमारास मऊ प्लास्टिकचं गांडूळ विकायला काढलं. बास आपल्याकडे नाही, पण मरळही तशीच गवताच्या काठाला दबा धरून बसते, म्हणून त्यांची टेक्सास रिग, म्हणजे गळाचं टोक रबरात लपवायची पद्धत, आपल्या शिंगाड्याच्या वेलात, कमळात आणि काठच्या बेशरमाच्या झुडपात छान चालते.

सगळ्यात मोठी चूक रबर गळात बसवतानाच होते. ऑफसेट हूकचं (मानेपाशी वाकवलेल्या गळाचं) टोक रबराच्या नाकात अगदी मधोमध घाला, अर्धा सेंटीमीटरच्या आसपास आत जाऊ द्या, मग पोटाकडून बाहेर काढा. नाक वर सरकवत हूकच्या वाकड्या खांद्यावर, लाईन बांधायच्या डोळ्याजवळ आणा आणि हूक अर्धा फिरवा. आता घाई नका करू. हूक रबराच्या बाजूला लटकवून धरा आणि वळण कुठं येते तिथं अंगठ्याच्या नखानं खूण करा, टोक बरोब्बर तिथूनच आत घालायचं. खुणेच्या पुढं, नाकाकडे घातलं तर रबर ताणलं जाते, मागं, शेपटीकडे घातलं तर मधे कुबड येते, आणि दोन्ही वेळी ते पाण्यात भवऱ्यासारखं फिरते. मग तंगूसला, म्हणजे लाईनला पीळ पडतो, रीलवर गुंता होतो आणि आपण रीलला शिव्या देत बसतो. टोक पाठीतून बाहेर काढून परत चामडीत हलकंसं लपवा, म्हणजे गवतात अडकत नाही. पहिला कास्ट मारायच्या आधी पायाजवळच्या पाण्यातून रबर ओढून बघा. सरळ आलं तरच पुढं.

हूकचा गॅप, म्हणजे टोक आणि दांडीमधली जागा, छोटा असला तरी घोळ होतो. रबर जाड आणि हूक बारीक असला तर मरळ चावते तेव्हा रबर दबून टोक बाहेर यायला जागाच राहत नाही, मासा सुटतो. चार इंची जाड रबराला ३/० किंवा ४/० चा वाईड गॅप घ्या. गवत दाट असेल तर शिसं तंगूसवर मोकळं ठेवू नका, शिसं एकीकडे आणि रबर दुसरीकडे राहते, आगपेटीच्या काडीचं टोक घालून पक्कं करा. उथळ बोडीत तर शिसं नसलं तरी चालते.

ओढायची पद्धत. एकसारखी रील फिरवत राहायची सवय मोडा. रबर पडलं की बुडू द्या, रॉडचं टोक थोडं वर, मग परत सोडा, ढिली पडलेली लाईन गोळा करा आणि परत तेच. बऱ्याचदा मासा रबर खाली जातानाच घेतो, म्हणून नजर लाईनवर पायजे. लाईन आडवी सरकली की समजा. पाण्यावरून ओढायच्या रबरी बेडकाला मात्र खळ्ळकन आवाज आला की लगेच झटका देऊ नका, वजन हाताला लागू द्या, मग जोरात. मरळीचं तोंड हाडकं असते, हळू झटक्यानं टोक रुतत नाही.

अडकलं तर? सरळ मागं ओढत बसलं की हूक आणखी रुततो, कधी रॉड तुटतो, आणि एकदम सुटलेलं शिसं तोंडावर येते, चष्मा असू द्या. आधी लाईन ढिली करून रॉडचं टोक हलवा. नाही निघालं तर पाळीवरून चालत पलीकडच्या बाजूला जा आणि ज्या दिशेनं अडकलं त्याच्या उलट ओढा. तेही नाही जमलं तर लाईन ताणून धनुष्यासारखी सोडा. ब्रेडेड लाईन हाताला गुंडाळून कधीच ओढू नका, बोट कापते, काठीला गुंडाळा. शिंगाडा लावला असेल तर तो कोणाच्या तरी पोटाचा माल आहे, वेल उपटत बसू नका, आणि तलाव बहुतेक मच्छीमार संस्थेच्या ठेक्यावर असतो, आधी विचारून गळ टाका. फाटलेलं रबर पाण्यात फेकू नका, ते कुजत नाही, मासे गिळतात.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर तिथं ल्यूर टाकायचाच नाही, खाली राखण करणारी मरळ असते, ती गेली की पिल्लांना बाकीचे मासे खाऊन टाकतात.

राहिलं ठेवायचं. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत डबा ठेवला की रबर वाकडं होऊन चिकटते, आणि वेगवेगळ्या जातीचं प्लास्टिक एकत्र ठेवलं तर काही जाती एकमेकांना विरघळवतात, म्हणून ज्याच्या त्याच्या पाकिटातच ठेवा. वाकडं झालंच तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून सपाट पाटावर सरळ ठेवा, मग थंड पाणी टाका, बहुतेक परत कामाला येते.