राफ्टिंगसाठी नदी निवडताना या चुका टाळा

मे महिना लागला की मला फोटो यायला लागतात. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधून निळंहिरवं पाणी, त्यात एक इवलीशी लाल राफ्ट. खाली मजकूर ठरलेला: "दादा, अशी एखादी ऑफबीट नदी सांग ना. कोलाड नको, तिथं सगळेच जातात. ऋषिकेशला गर्दी असते. आणि हो, सोमवारी ऑफिस आहे." फोटो बहुतेक वेळा लडाखमधल्या झंस्कार नदीचा असतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघून सोमवारी कामावर हजर होता येईल, अशी झंस्कार अजून कुणी काढलेली नाही.

देखण्या नदीवर जावंसं वाटणं यात गैर काहीच नाही. पण ज्या गोष्टींमुळे ती फोटोत देखणी दिसते, त्याच पाण्यात पडल्यावर अंगाशी येतात. उंच कडे म्हणजे चढायला काठ नाही. माणूस दिसत नाही म्हणजे मदतही नाही. थंडगार हिमनदीचं पाणी म्हणजे काही मिनिटांत बोटं दोरी धरेनाशी होतात. हे कळलं की निवड निम्मी सोपी होते, पण कळून घ्यायला कुणाला वेळ नसतो.

नदीत पाणी कुठून येतं हे न विचारणं

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. नदी दिसते म्हणजे पाणी असणारच, हा समज.

कोलाडची कुंडलिका घ्या. तिथलं राफ्टिंग चालतं ते विजेच्या जिवावर. मुळशी धरण मुळा नदीवर, म्हणजे खरं तर हे पाणी भीमेतून बंगालच्या उपसागराला जायचं. ते सह्याद्रीतून खाली कोकणात उतरवून भिऱ्याच्या वीजगृहात आणतात. 1927 पासून तिथं वीज तयार होते. वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि त्या पाण्याबरोबर राफ्ट निघतात. म्हणून भर एप्रिलमध्ये, आसपासचे ओढे कोरडे ठणठणीत असताना, इथं साजे गावापासून पुढे सुमारे 12 किलोमीटर राफ्टिंग होतं. पाणी सकाळी सुटतं. ते पुढे निघून गेलं की मागे राहतात दगड.

ठाण्याहून एक ग्रुप आला होता. सकाळी साडेआठला हजर राहा, असं त्यांना फोन करून बजावलं होतं. निघालेच उशिरा. पुढे वडखळला मिसळ, मग चहा, मग कुणाच्या तरी चपलेची खरेदी. पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आमच्या राफ्ट खाली कधीच पोचल्या होत्या आणि सुरुवातीच्या जागी घोट्याएवढं पाणी उरलं होतं. त्यांच्यातला म्होरक्या थेट माझ्यासमोर उभा राहिला. "आम्ही पूर्ण पैसे भरलेत. त्यांना फोन लावा आणि परत पाणी सोडायला सांगा." मला वाटलं गंमत करतोय. नव्हता करत. वीजनिर्मितीचं वेळापत्रक मिसळीवरून ठरत नाही, हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी सगळे डोहात लाईफ जॅकेट घालून तरंगले, फोटो काढले आणि घरी जाऊन लिहिलं की कोलाडला काही थ्रिल नाही.

दांडेलीजवळच्या गणेशगुडीला काळी नदीवरही तेच, फक्त धरण सुपाचं. बुकिंगच्या आदल्या संध्याकाळी फोन करून उद्या पाणी आहे का, एवढंच विचारायचं. मी अजूनही विचारतो.

धरणाच्या पाण्याची दुसरी बाजू गंभीर आहे. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात मधल्या दगडावर जाऊन फोटो काढणारे मी दर मोसमात हाकलतो आणि शिव्या खातो. 8 जून 2014 ला हिमाचलात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं अशीच उतरली होती. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. 24 विद्यार्थी वाहून गेले.

पावसाच्या नद्यांचं गणित वेगळं. गोव्यातली सत्तरीची म्हादई आणि कोडगूची बारापोळे या पावसाळ्यातच चालतात. जंगलातून जातात, फार सुंदर आहेत, पण पाणी सकाळी एक आणि दुपारी दुसरंच. "आज होणार नाही" असं तिथल्या गाइडने सांगितलं तर वाद घालू नका, नाष्टा करा. हिमालयात नेमकं उलटं: ऋषिकेशला गंगेवर जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद, कुलूला बियासवर साधारण 15 जुलै ते 15 सप्टेंबर बंद. त्या दिवसांत कुणी "गुपचूप नेतो" म्हणाला तर तिथून निघायचं. झंस्कार मात्र याच काळात चालते, कारण तिचं पाणी बर्फ वितळून येतं. आणि तेव्हा ती फोटोतल्यासारखी निळी नसते, गाळाने राखाडी झालेली असते. निळी होते ती मोसम सरता सरता, थंडी सुरू झाल्यावर.

"आम्हाला ग्रेड चार हवी"

हे वाक्य सहसा ज्याने आयुष्यात वल्हं धरलेलं नाही तो बोलतो.

ग्रेड म्हणजे अवघडपणा, एक (सोपं) ते सहा. ती एकेका रॅपिडची, म्हणजे नदीच्या एकेका खळाळत्या पट्ट्याची असते आणि पाणी बदललं की तीही बदलते. गंगेवर ऋषिकेशच्या वर कौडियालापासून खाली येताना टप्पे पडतात: कौडियाला, मरीन ड्राइव्ह, शिवपुरी, ब्रह्मपुरी. शिवपुरीपासूनचा सुमारे 16 किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा येणाऱ्याला पुरेपूर आहे. 'रोलर कोस्टर' आणि 'गोल्फ कोर्स' तिथेच लागतात. कौडियालाच्या टप्प्यात 'द वॉल' नावाचा रॅपिड आहे, तो राफ्ट सरळ उताणी करतो. त्याच नदीवर, काही किलोमीटरच्या अंतराने, दोन वेगळे खेळ आहेत. आणि नोव्हेंबरमध्ये जो रॅपिड तुम्ही हसत पार केला, तो जूनमध्ये पाणी चढल्यावर ओळखूही येणार नाही. कधी उलट होतं, पाणी चढलं की छोटा रॅपिड पुसला जातो.

ग्रेडच्या आकड्यात आणखी एक गोष्ट मावत नाही. पडल्यावर काय? कुंडलिकेत पडलात तर पुढच्या शांत पाण्यात कुणीतरी जॅकेटच्या खांद्याला धरून आत ओढतं, वाटलं तर तुम्ही शेतातून चालत रस्त्याला लागता. झंस्कारमध्ये तोच ग्रेड तीनचा रॅपिड असेल, पण पाणी बर्फाचं, दोन्हीकडे भिंती आणि मुक्काम पुढच्या वळणापलीकडे. लेहजवळच्या निमूहून झंस्कारमधल्या पदुमकडे आता खोऱ्यातून रस्ता खोदलाय. तरी कित्येक ठिकाणी पाण्यापासून त्या रस्त्यापर्यंत चढायला वाटच नाही.

आधी कोलाड, मग शिवपुरी, मग मरीन ड्राइव्ह, मग झंस्कार, असा माझा क्रम आहे. कंटाळवाणा वाटतो हे मला माहीत आहे. पायऱ्या गाळायच्या असतील तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

आपल्याच गावची नदी, आपलीच बोट

ही नवी साथ आहे. ऑनलाइन रबरी बोट मिळते, पंप सोबत येतो, आणि जुलैत गावची नदी दुथडी भरलेली असते. जंगली, निसर्गरम्य, फुकट. कोल्हापूरकडच्या एका मित्राच्या पुतण्याने हा बेत केला होता आणि "काका, फक्त बघायला या" म्हणून मला बोलावलं.

मी त्यांना बोटीकडे जाऊच दिलं नाही, आधी खालच्या बंधाऱ्यावर नेलं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतात, त्यामुळे पाणी खांबांमधल्या मोऱ्यांतून जातं. मोरीतून पाणी जातं, राफ्ट जात नाही. ती खांबाला आडवी चिकटते आणि मागचं पाणी तिला तिथेच दाबून धरतं. ओंडका अडकलेला असेल तर माणूसही त्यात अडकतो. पूर आणखी चढला की पाणी बंधाऱ्यावरून पडू लागतं आणि वरून बघणाऱ्याला फक्त एक गुळगुळीत रेष दिसते. आवाजही फारसा नसतो.

त्या दिवशी पाणी वरून पडत होतं. पायथ्याशी फेसात एक नारळ होता, नदीची ओटी भरताना कुणीतरी सोडलेला. तो खाली जायचा, हातभर पुढे वर यायचा, परत बंधाऱ्याकडे ओढला जायचा, परत खाली. पोरं मोबाइल काढून बघत राहिली. आम्ही नाक्यावर चहा घेऊन आलो तरी नारळ तिथेच फिरत होता. "लाईफ जॅकेट घातलं तर?" असं एकाने विचारलं. नारळही तरंगतोच, म्हटलं. बोट अजून मित्राच्या माळ्यावर आहे.

राफ्टिंगच्या नदीवर वाट आधी कुणीतरी पाहिलेली असते: बंधारा कुठे, पडलेलं झाड कुठे, बाहेर कुठून पडायचं. तुमच्या गावच्या नदीची ती पाहणी कुणी केलेली नाही. ती न करता बोट सोडणं, शॉर्टकट म्हणतात तो हाच.

बाकीच्या, पटापट

लेहला विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊ नका. साडेतीन हजार मीटरवर आहात, आधी श्वास जागेवर येऊ द्या.

ऋषिकेशला 14 वर्षांखालच्या मुलांना राफ्टमध्ये घेत नाहीत. बारा वर्षांच्या मुलाला "चौदाचा सांग" असं आई-वडीलच शिकवतात, तेव्हा मी तोंड फिरवून घेतो.

कोलाडला आदल्या रात्रीची पार्टी उतरली नसेल तर काठावर बसा. गाइडला वासावरून कळतं.

पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय पुढे आणि वर. गुडघाभर पाणी दिसलं म्हणून वाहत्या प्रवाहात उभं राहायचं नाही; पाय दगडात अडकला की पाणी तुम्हाला आडवं करतं.

बुकिंग करताना मी दर विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारतो. सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला गाठणारी छोटी नाव, असते का, आणि मधेच सोडून द्यावं लागलं तर रस्त्याला कुठून लागता येतं. चांगला माणूस सरळ जागांची नावं घेतो, एखाद्या ठिकाणी "तिथून नाही निघता येत" असंही सांगतो. "टेन्शन घेऊ नका सर, सगळं सेफ आहे" असं उत्तर आलं की मी फोन ठेवतो.

जीन्स घालून येऊ नका. चष्म्याला दोरी बांधा, नाहीतर गाडीत ठेवा. गाइडच्या खिशात देऊ नका, तोही पाण्यात पडतो.