मोरड शेतात शरपुंखा

काजूच्या बांधावर, जांभ्या दगडाच्या फटीत किंवा पडीक मोरड (गोव्यातील उंचवट्यावरच्या) शेतात जांभळट गुलाबी फुलांचे, दोन-तीन फूट उंचीचे एखादे चिवट रोप दिसले, तर ते उपटण्यापूर्वी त्याचे एक पान हातात घ्यावे. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना लहान पर्णिका असतात. त्यातील एका पर्णिकेचे टोक चिमटीत धरून हलकेच ओढले आणि ती सरळ न फाटता बाणाच्या पिसाऱ्यासारखी खाच पाडून तुटली, तर ती वनस्पती शरपुंखा होय, आणि तिला हे नाव त्या खाचेवरूनच पडले आहे. मराठीत तिला उन्हाळी असेही म्हणतात.

अलीकडे अ‍ॅस्ट्रॅगलस या चिनी औषधी मुळाची चौकशी आपल्याकडेही होते. उत्तर चीन आणि मंगोलियाच्या थंड, कोरड्या हवेतील ते पीक गोव्याच्या पावसात लावण्याचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शरपुंखा त्याच शेंगवर्गीय कुळातील असली तरी त्या औषधाला पर्याय नाही. तिचे गुण वेगळे आहेत आणि हिरवळीचे खत म्हणून आपल्या जमिनीला ते अधिक उपयोगी आहेत.

लागवडीतील खरी अडचण बियांची असते. त्यांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरत नाही. पहिल्या वर्षी मी बी तसेच फेकले आणि जूनअखेर सबंध वाफ्यात जेमतेम सहा-सात रोपे दिसली. उरलेले बी पुढच्या पावसाळ्यात, मी तिथे हळद लावल्यावर उगवले. म्हणून पेरणीपूर्वी बी जाड रेतीत मिसळून गोणपाटात चांगले चोळावे, किंवा साधारण ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच काढावे. उकळते पाणी वापरू नये. शंभर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम बी पुरते.

माडाच्या आळ्यात मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आधी पेरावे. खेर, म्हणजे रेताड जमिनीत भात कापल्यावर उरलेल्या ओलीवरही पेरता येते; मात्र खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातील, खारट, पाणी साचणाऱ्या चिखलात ती तग धरत नाही. सुरुवातीला वाढ मंद असते, त्यामुळे पहिली खुरपणी टाळू नये. पुढे काळजी थोडीच लागते, कारण कापणीनंतर मोकळी सुटलेली गुरेही तिला सहसा तोंड लावत नाहीत. एखादे रोप मातीसकट उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आतला भाग गुलाबी असेल तर हवेतील नत्र बांधण्याचे काम चालू आहे असे समजावे.

फुले येऊ लागताच, खोड लाकडासारखे होण्याआधी, रोपे कापून आळ्यात पसरावीत आणि मातीने झाकावीत. भातशेतात लावणीच्या निदान दोन आठवडे आधी ती नांगरून गाडावीत.

आयुर्वेदात तिला प्लीहशत्रु म्हणतात आणि प्लीहा व यकृताच्या विकारांत तिचे मूळ किंवा पंचांग (मूळ, खोड, पान, फूल, फळ ही पाचही अंगे) वापरतात. तरीही घरी काढा करून पिण्याचा सल्ला मी देणार नाही, विशेषतः गरोदर स्त्रियांना तर नाहीच. या वनस्पतीत रोटेनॉइड वर्गातील द्रव्ये असतात, ती माशांना घातक ठरतात. त्यामुळे औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे आणि कापलेली रोपे ओहळात किंवा तळीत टाकू नयेत.

कापणी करताना एका कोपऱ्यातील दहा-बारा रोपे बियाण्यासाठी राखावीत. शेंगा तपकिरी होऊन तडकण्याआधी सकाळी तोडाव्यात, सुपात पसरून वर पातळ कापड बांधून वाळवाव्यात आणि बी कोरड्या बाटलीत भरून ठेवावे.