ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरची स्ट्रेस टेस्ट घेताना या चुका टाळा

धुळ्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा संगणक मी जानेवारीत ओव्हरक्लॉक करून, म्हणजे त्याच्या प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवून दिला होता. इंटेलचा सहा कोरचा (सहा स्वतंत्र गणन-भागांचा), वेग वाढवण्याची मुभा देणाऱ्या के मालिकेतील प्रोसेसर १.३४ व्होल्टवर सर्व कोर मिळून ५ गिगाहर्ट्झने चालत होता आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच या प्रोग्रामच्या दहा मिनिटांच्या चाचणीत तापमान ८० अंशांच्या वर गेले नव्हते, म्हणून मी निर्धास्तपणे परतलो. मे महिन्यात त्याचा फोन आला, ‘मामा, गेम मधमाच बंद पडी जास.’ दोष प्रोसेसरचा नव्हता. जानेवारीच्या रात्री त्या खोलीत २० अंश तापमान होते, तर मे महिन्यातील दुपारी त्याच पत्र्याच्या खोलीत ४० अंश होते, आणि हा फरक मी हिशोबातच धरला नव्हता.

खानदेशात ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. हवेवर चालणारा असो वा पाण्यावर, प्रोसेसरचा कूलर त्याला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानांतील अंतर कमी ठेवतो. भार तोच राहिला, तर हे अंतरही जवळजवळ तेवढेच राहते. म्हणजे २० अंशांच्या खोलीत ८० दाखवणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत १०० वर पोहोचतो, आणि या प्रोसेसरची मर्यादाच १०० आहे. तेथे तो स्वतःहून वेग कमी करतो व गेम अडखळू लागतो. शिवाय तापलेल्या सिलिकॉनला तोच वेग राखण्यासाठी थोडा अधिक व्होल्टेज लागत असल्याने थंडीत जेमतेम पुरणारा व्होल्टेज उन्हाळ्यात अपुरा पडतो. म्हणून हिवाळ्यात चाचणी घेणाऱ्याने आधी खोलीचे तापमान लिहून ठेवावे, आलेल्या कमाल आकड्यात मे महिन्याचा फरक मिळवावा आणि बेरीज ९० च्या पुढे जात असेल, तर ते सेटिंग तेव्हाच सोडून द्यावे.

यावर अनेकजण घरातील पाण्याच्या कूलरपुढेच कॅबिनेट ठेवतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याने तापमान उतरते खरे. पण त्या झोतातून येणारे बारीक तुषार आणि पाण्यातील क्षार मदरबोर्डवर बसतात, त्यांवर धूळ चिकटते, आणि पावसाळ्यात हवाच दमट झाल्यावर हा उपाय निरुपयोगी ठरतो. कूलरने खोली थंड करावी, कॅबिनेट नव्हे. ज्यांच्याकडे अजून धाब्याची, म्हणजे मातीच्या जाड छताची, खोली शिल्लक आहे, त्यांनी संगणक खुशाल तिथे हलवावा. पाचशे-हजारांच्या जादा पंख्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

दुसरी चूक म्हणजे एकाच प्रोग्रामवर विसंबणे. सिनेबेंचच्या दहा मिनिटांतून थंडाव्याची व्यवस्था पुरेशी आहे की नाही एवढेच कळते. १९९६ साली सुरू झालेल्या मर्सेन मूळसंख्यांच्या शोधप्रकल्पासाठी बनलेला प्राइम९५ हा प्रोग्राम प्रत्येक गणिताचे उत्तर पडताळून पाहतो, त्यामुळे संगणक बंद न पडताही झालेली चूक तो पकडतो. त्यातील ‘स्मॉल एफएफटी’ ही चाचणी प्रोसेसरला सर्वाधिक तापवते, तर ‘ब्लेंड’ रॅम आणि मेमरी कंट्रोलरलाही कामाला लावते. तरीही गेमचा भार या दोन्हींहून वेगळा असतो. गेममध्ये एखादा कोर क्षणात रिकामा असतो, तर क्षणात पूर्ण वेगाने धावतो आणि व्होल्टेजलाही त्याच गतीने खालीवर व्हावे लागते. सर्व कोरांवर चार तास प्राइम९५ सहन केलेला संगणक गेमच्या मेनूतच कोसळतो, तो यामुळे. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (एकेका कोरचा व्होल्टेज कमी-जास्त करणारे सेटिंग) वापरणाऱ्यांनी तर कोअरसायकलर या प्रोग्रामने एकेका कोरची स्वतंत्र चाचणी रात्रभर घ्यावीच. उलट, केवळ गेमसाठी असलेल्या संगणकावर चोवीस तास ‘स्मॉल एफएफटी’ चालवणे मला हट्ट वाटतो, कारण तेवढी उष्णता कोणताही गेम निर्माण करत नाही. एक तास ब्लेंड, एक रात्र कोअरसायकलर आणि मग तीन संध्याकाळी प्रत्यक्ष गेम, एवढे मी पुरेसे मानतो.

चाचणीपूर्वी रॅमचा वेग वाढवणारे तयार सेटिंग, म्हणजे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, बंद करावे, कारण तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. ग्राफिक्स कार्डही मूळ वेगावर आणावे. तिन्ही गोष्टी एकदम वाढवल्या, तर बिघाड कोणामुळे झाला हे सांगता येत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांत ओव्हरक्लॉक न करताही अस्थिरता दिसली होती आणि त्यासाठी कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरची अंतर्गत आज्ञावली) दिला. अशा संगणकात आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे, मगच पुढे जावे.

बिघाडाची लक्षणे न वाचता व्होल्टेज वाढवणे ही चूक मी स्वतः केली आहे. भुसावळला माझ्याच घरी संध्याकाळी गेम सुरू असताना संगणक विंडोजचा त्रुटी सांगणारा निळा पडदा न दाखवता थेट बंद व्हायचा. मी दोनदा व्होल्टेज वाढवला, तेव्हा तो पूर्वीपेक्षा लवकर बंद होऊ लागला. शेवटी ध्यानात आले की टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा होता, संध्याकाळी घरातील वीज क्षणभर दबली की भार बॅटरीवर जायचा आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड व मॉनिटर मिळून त्याला झेपत नसत. वाढवलेल्या व्होल्टेजने तो भार मी आणखीच वाढवत होतो. संगणक बटण दाबल्यासारखा बंद पडला, तर आधी यूपीएस आणि एसएमपीएसकडे (कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्याकडे) पाहावे. निळ्या पडद्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ आले, तर बहुधा कोरला व्होल्टेज कमी पडत असतो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आले, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवून रॅम तपासावी. काहीच कोसळले नसले, तरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger) १९ क्रमांकाच्या नोंदी दिसत असतील, तर प्रोसेसर चुका करून त्या गुपचूप दुरुस्त करत आहे असे समजावे. असे सेटिंग स्थिर म्हणता येत नाही.

व्होल्टेज वाढवण्याची किंमत व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात मोजावी लागते. १.२५ चे १.३५ व्होल्ट केले, तर वाढ ८ टक्क्यांची दिसते, पण तेवढ्याच वेगाला लागणारी वीज सुमारे १७ टक्क्यांनी वाढते आणि ती सगळी उष्णता होऊन त्याच तापलेल्या खोलीत उतरते. वेग १०० किंवा २०० मेगाहर्ट्झने उतरवणे हा उपाय यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, कारण तेवढा फरक खेळताना जाणवत नाही.

भाच्याचा प्रोसेसर आता १.२५ व्होल्टवर ४.८ गिगाहर्ट्झने चालतो. त्याची चाचणी आम्ही मे महिन्यातच, भर दुपारी दोन वाजता, पाण्याचा कूलर बंद ठेवून घेतली; घाम पुसत बसलो होतो, पण तासाभरात आकडा ९० च्या पुढे गेला नाही.