गाडीच्या दाराच्या स्पीकरला ठोका येत नसेल तर आधी वायर बघा

नवीन साडेसहा इंची स्पीकर टाकले, पण ढोलकीचा ठोका अंगावर येतच नाही, नुसता चिरका आवाज? लगेच लॅमिंग्टन रोडला अँप (अँप्लिफायर) घ्यायला पळू नका, माझं काम पाव तासात आणि फुकटात झालं.

१. बॅलन्स मधोमध ठेवून मोनोसारखं, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखंच वाजणारं, भरपूर बेस असलेलं गाणं लावा.

२. फक्त एका बाजूच्या स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी करा, म्युझिक बंद करून हां, वायर एकमेकींना चिकटल्या तर अँप जाईल. पुन्हा तेच गाणं. ठोका भरला तर आधी एक स्पीकर उलटा जोडलेला होता, असंच राहू द्या. उलट अजून पोकळ झाला तर परत पूर्वीसारखं करा.

३. तरी कमीच वाटला तर दाराचं पॅनल काढून बघा, फिटिंगवाले घाईत आतलं प्लास्टिक टराटरा फाडतात आणि मग स्पीकरच्या मागची हवा त्याच भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला खाते. माझ्या दारात तर हात जाईल एवढं भोक होतं! ती भोकं ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीटने (चिकट रबरी शीट) बुजवा, स्पीकरच्या कडेला फोमची रिंग लावा.

४. सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) असेल तर दाराच्या स्पीकरचा हायपास, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचा बेस कापणारी सेटिंग, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, १२० वर असेल तर ठोका तिथेच कापला जातोय.

फक्त दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चुकूनही बुजवू नका, आपल्या पावसात दारात तळं साचेल आणि पत्रा गंजेल.